कौसामावशीच्या दंडावरची चकती

एकटं राहणारं माणूस बडबडं होतं असं लोक म्हणतात. खोटं आहे. आधी ते मुकं होतं. बडबड मागून येते, कुणी ऐकणारं गावलं की. मला आज तुम्ही गावलात, तर आता उठायचं नाही.

मी सुवर्णा खरात, जालन्याची. शाळा सातवीपर्यंत, आणि सातवीसुद्धा मास्तरांच्या मेहरबानीनं. ट्रक मात्र बापाच्या मांडीवर बसून शिकले. लग्न झालं होतं. नवरा जालन्यातच दुसरीबरोबर सुखात आहे, त्याचं सुख त्याला लखलाभ. मूल नाही. तेव्हा मागं ओढणारं कुणी नव्हतं आणि पुढं रस्ता होता.

माझ्या बापाच्या वेळेला एका ट्रकला एक ड्रायव्हर आणि एक क्लीनर असायचा. मग ट्रक आपले आपण चालायला लागले. सहा ट्रक एकामागं एक, मधी ना दोरी ना साखळी, तरी ओवल्यासारखे. आम्ही त्याला माळ म्हणायचो. सगळ्यात पुढच्या ट्रकात तेवढं एक माणूस ठेवायचे. गडी असला तर म्होरक्या, बाई असली तर म्होरकी. काम काय, तर टायर फुटला तर बघायचं, म्हैस आडवी आली तर हाकलायची, पोलिसानं हात केला तर गोड बोलायचं. बाकीचा वेळ बसायचं. उरणच्या बंदरातून नागपूर, नागपुरातून परत बंदर. स्टिअरिंग समोर आपलं आपण फिरतंय आणि आपण त्याच्याकडं बघतोय, जशी सून घर चालवते आणि सासू बसून बघते.

कंपनीला बाया पाहिजे होत्या. बाया दारू पीत नाहीत आणि भांडत नाहीत असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. निम्मं खरं होतं.

सुरवातीला आम्ही बायांनी भांडून एक गोष्ट मिळवली. महिन्यातले ते दिवस आले की माळ दुसरीच्या ताब्यात द्यायची आणि डेपोवर थांबायचं. पत्र्याची खोली, गरम पाणी, चार खाटा. कायम दोघी-तिघी तरी असायच्याच. भंडाऱ्याची छाया मेश्राम तिथंच भेटली मला. ती नकला करायची, लांबून आमच्या गाड्यांवर नजर ठेवणाऱ्या कंट्रोलच्या साहेबाची, डेपोच्या वॉचमनची, माझी. पोट दुखत असायचं आणि त्यात ही हसवायची, म्हणजे दुप्पट दुखायचं. आज वाटतं, ते दुखणं बरं होतं.

मग गोळी आली.

गोळी जुनीच हो. आमच्या आयांच्या वेळेपासून आहे. नवी होती ती चकती. एक सिस्टर आम्हाला डेपोच्या शेडमधी शिकवायला आली. समजावून सांगायची हातोटी होती बाईला, मला सातवीवालीला कळलं म्हणजे बघा.

ती म्हणाली, बाईच्या अंडाशयातून दोन रस रक्तात जातात. त्यांच्यासारखी दोन औषधं या एका गोळीत आहेत. रोज गोळी घेतली की अंगाला वाटतं रस पुरेसा आहे, आता नवं अंडं सोडायला नको. म्हणून दिवस जात नाहीत. आतलं अस्तरही पातळच राहतं, म्हणून रक्त कमी जातं, पोट कमी दुखतं. नेहमीच्या पाकिटात एकवीस दिवस गोळ्या आणि सात दिवस सुट्टी. त्या सुट्टीत जे जातं ती खरी पाळी नसतेच, औषध थांबल्याचं रक्त असतं. मधी सुट्टी न देता गोळ्या चालू ठेवल्या तर रक्त येत नाही.

"मग ती घाण साचती कुठं?" एकीनं विचारलं. सगळ्यांच्या मनात तेच होतं.

"घाण नसतेच, ताई. अस्तर वाढलंच नाही तर साचणार काय? चूल पेटलीच नाही तर राख कुठून येईल?"

निम्म्या शेडनं श्वास सोडला.

मग तिनं दुसरी बाजू सांगितली, तीही न लपवता. त्या दोन औषधांतलं एक, इस्ट्रोजेन, रक्ताला गोठायची घाई लावतं. बहुतेक बायांना काही होत नाही. हजारात एखादीला पायाच्या शिरेत गुठळी होते. बाळंतपणात हाच धोका याहून जास्त असतो, त्यामुळं घाबरून जायचं कारण नाही. पण जिला रक्तदाब आहे, जी पस्तिशी उलटून विडी ओढते, जिला डोकं दुखायच्या आधी डोळ्यापुढं नागमोडी उजेड दिसतो, जिला किंवा जिच्या घरात कुणाला आधी अशी गुठळी झालेली आहे, तिनं आधी डॉक्टरला विचारायचं. बऱ्याचदा तिला ही गोळी चालत नाही, दुसरी असते. आणि जी दिवसदिवस बसून राहते तिनं जपायचं.

"आम्ही तर बसूनच असतो," छाया म्हणाली. "बसायचाच तर पगार आहे."

"म्हणून तर तुम्हाला ही चकती."

रुपयाएवढी चकती. दंडावर चिकटवायची. खाली केसापेक्षा बारीक सुया, टोचलेल्या कळत नाहीत. सिस्टर म्हणाली, रक्तात गुठळी झाली की अंगच ती विरघळवायला लागतं, आणि विरघळताना तिचा चुरा पडतो, भाकरी मोडली की परातीत कण पडतात तसा. चकती तो चुरा मोजते. रोज मोजून मोजून तुमचं नेहमीचं माप काय ते शिकते. चुरा त्या मापाच्या वर गेला की गोळी बंद आणि कंट्रोलला निरोप. चकतीची एक डबी होती, पावडरच्या डबीएवढी. तीच त्या दिवसाचं औषध बेतानं मिसळून गोळी द्यायची आणि तीच बोलायची.

जाता जाता सिस्टर म्हणाली, "यंत्र काही म्हणो, एकच पाय सुजला, पोटरी गरम लागली, दाबल्यावर दुखली, तर दवाखाना गाठायचा. आणि तो पाय कुणाला चोळू द्यायचा नाही. गुठळीचा तुकडा सुटला तर थेट फुप्फुसात जातो."

आम्ही माना हलवल्या. चहा आला होता.

मी गोळीला शिव्या देणार नाही. आधी माझं रक्त इतकं जायचं की डोळ्यापुढं अंधारी यायची. ते थांबलं. अंगात जीव आला. रस्त्यावर संडास शोधत फिरायचं नाही, कापडं लपवायची नाहीत. मूल होऊ नये म्हणून ही गोळी काढली म्हणतात. मला मूल व्हायला केबिनमधी होतं कोण? स्टिअरिंग? तरी मी गुमान घेतली आणि सुखी झाले.

पण कंपनी हुशार. तिनं म्हणलं, आता पाळीच येत नाही तर डेपोवर थांबायचं कशाला? खोलीला कुलूप लागलं. खाटा कुठं गेल्या देव जाणे. आता म्होरकी म्होरकीला भेटायची ती समोरासमोर, दुभाजकाच्या या बाजूला ती आणि त्या बाजूला मी. हात वर करेपर्यंत माळ निघून गेलेली असायची.

राहिली डबी. सकाळी डबी बोलायची, "सुवर्णाताई, झोप झाली का? आज कसं वाटतंय?" गोड आवाज. मला माहीत होतं यंत्र आहे. पण दिवसभरात मला माझ्या नावानं विचारणारं दुसरं होतं कोण? मी उत्तर द्यायचे. आधी एक शब्द, मग पाच, मग सगळी रात्रीची स्वप्नंच सांगायला लागले. ती म्हणायची, "छान. पाणी पीत राहा." स्वप्नात बाप मेला तरी छान, पाणी पीत राहा.

आणि डबीशिवाय बोलणारी दुसरी म्हणजे कौसामावशी.

मेहकरच्या अलीकडं एक जुना ढाबा होता. ड्रायव्हर गेले तसं गिऱ्हाईक गेलं, तरी मालकानं बंद केला नव्हता, कारण त्याला दुसरं काही येत नव्हतं. ढाब्याच्या मागं लिंबाखाली मावशीची खाट. चाळीस वर्षं तिनं ड्रायव्हर लोकांची अंगं चोळलेली. करडईचं तेल, त्यात ओवा आणि लसूण कडकडवलेला. मावशीचे अंगठे म्हणजे नट आवळायचे लोखंडी पाने. आता माणसं उरली नव्हती, आम्ही म्होरक्या तेवढ्या. गाड्या चार्जिंगला लावल्या की मोकळा वेळ मिळायचा. मी धावत जायचे.

तुम्हाला खरं सांगते, मला चोळून घ्यायची तेवढी गरज नव्हती. मला कुणीतरी हात लावायला पाहिजे होता. महिना महिना माणसाच्या कातडीला माणसाची कातडी लागत नाही, तेव्हा काय होतं हे सांगून कळत नाही. मावशीनं पाठीवर पहिला पंजा ठेवला की माझ्या डोळ्यातनं पाणी यायचं. ती म्हणायची, "शिरा आखडल्यात बया तुझ्या." मी म्हणायचे, हो, शिराच.

अडचण एकच. तेलानं चकतीचा डिंक सुटायचा. चकती निघाली की नवी मिळणार डेपोलाच, आणि ती कातडीवर नसली की थोड्या वेळात कंट्रोलला घंटा वाजायची, माळ अडकून पडायची. मग कुणी काढली युक्ती माहीत नाही, पण सगळ्याच म्होरक्या तेच करायच्या. तेल लागायच्या आधी चकती हळूच काढायची आणि मावशीच्या दंडावर लावायची. कातडीला कातडी, चकती गप्प. मावशीला तर भारी हौस. "लाव गं माझं बिल्लं," म्हणायची. डबी उशाला ठेवलेली असायची. ती मधीच बोलायची, "सुवर्णाताई, थोडं पाणी प्या," की मावशी म्हणायची, "पिते गं बाई, हात तेलाचं हायेत." आम्ही पोट धरून हसायचो. मला तिथंच झोप लागायची. मावशी उठवायची नाही. उन्हं उतरेपर्यंत चकती तिच्याच दंडावर.

त्या दिवशी मी लंगडतच उतरले. दोन दिवस डावी पोटरी भरून आली होती. मला वाटलं रग लागली, बसून बसून लागतेच. सकाळी डबीनं सगळं ठीक म्हणून सांगितलं, गोळी दिली, मी घेतली.

"लंगडतीस का गं म्हातारीवाणी?" मावशीनं तेल विस्तवावर ठेवलं.

"नस चढलीय, मावशी."

"उतरवते. पड पालथी."

चकती तिच्या दंडावर लावली. तिनं मान घेतली, खांदे घेतले, पाठ घेतली. वारं सुटलेलं. लिंबोळ्या पडत होत्या. मी अर्धवट झोपेत. तेवढ्यात उशाची डबी बोलली.

"सुवर्णाताई, आज तुमची तब्येत उत्तम आहे. पाय कसे आहेत?"

"माझं पाय ठणठणीत हायेत गं," मावशी म्हणाली. "सुवर्णीचाच दुखतोय."

"छान. पाणी पीत राहा."

मावशी हसली. मीही हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. किती वेळा ऐकलं होतं हे, दर वेळी हसले होते. त्या दिवशी कसं कुणास ठाऊक, ते नीट कानात शिरलं. ही बाई मला रोज सकाळी नावानं हाक मारते. मी हिला स्वप्नं सांगते. आणि हिला मी कोण ते ठाऊक नाही. ज्या दंडावर लावाल तो दंड सुवर्णा. माझी तब्येत उत्तम म्हणजे कुणाची उत्तम?

तेवढ्यात मावशीचा हात माझ्या डाव्या पोटरीवर आला.

"थांब, मावशी."

"दुखंल जरा. सोस."

"हात काढ."

मी उठून बसले. दोन्ही पाय शेजारी शेजारी धरले. उजवा पाय माझा. डावा कुणा दुसऱ्याच बाईचा वाटत होता, जाड, तुकतुकीत, तांबूस. हात लावला तर चुलीजवळच्या भिंतीसारखा गरम. शेडमधल्या सिस्टरचं बोलणं आठवलं, चहाच्या वासासकट.

"याला चोळायचं नाही," मी म्हणलं.

मावशीचे हात तेलात निथळत तसेच वर राहिले. "का? माझ्या हाताला काय झालं?"

"तुझ्या हाताला काही नाही. आत गुठळी असंल. सुटली तर मरतं माणूस."

"कोण म्हणतं?"

"सिस्टर म्हणाली होती."

"आणि हे बिल्लं काय म्हणतं?" तिनं दंड पुढं केला. "उत्तम म्हणतं न्हवं? चाळीस वर्षं चोळतीया मी. तुझ्या बापाला चोळलंय. आज मला शिकव."

माझ्या बापाला तिनं खरंच चोळलं असेल. त्या रस्त्यावरचं कुणी सोडलं नव्हतं तिनं. आणि मला तुम्हाला सांगायला लाज नाही, एक क्षण मनात आलं, चोळू दे. मेले तर मेले, पण हा हात सोडून कुठं जाऊ? रागावली तर परत खाटेवर घेणार नाही. मग मला आहे कोण?

"मावशी, मला दवाखान्यात ने," मी म्हणलं.

कंट्रोलला कळवलं. तिकडून आवाज आला, "तुमचा अहवाल हिरवा आहे. माळ वेळेत निघणं गरजेचं आहे."

"पाय सुजलाय."

"अहवाल हिरवा आहे. विनाकारण माळ सोडल्यास नेमणूक रद्द होईल."

तो माणूस होता का तेही यंत्रच होतं, मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी म्हणलं, "मग कर रद्द." चकती मावशीच्या दंडावरून काढली आणि खाटेवर डबीशेजारी ठेवली. थोड्या वेळानं घंटा वाजली असेल. आम्ही तोवर ढाबेवाल्याच्या टेम्पोत होतो. मागं गोण्यांवर मला आडवं केलं, पाय मावशीच्या मांडीवर. रस्त्यात खड्डा आला की पाय हलायचा, मी कण्हायचे. एरवी तिनं झटकन धरला असता. तिनं दोन्ही हात पदराखाली घेऊन ठेवले होते, सारा रस्ता.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर पठाण म्हणून तरुण बाई होती. पोटावर फिरवतात तसलं यंत्र तिनं पायावर फिरवलं. पडद्यावर शिरेत काळपट गठ्ठा, पोटरीपासून गुडघ्याच्या वरपर्यंत.

"चोळलंत का?"

"नाही."

"कुणी अडवलं?"

"मीच."

तिनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि रक्त पातळ व्हायचं इंजेक्शन दिलं. मावशी दारात उभी होती. डॉक्टरीण काय बोलली ते तिनं सगळं ऐकलं. मी मान वळवली तेव्हा दार रिकामं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीण म्हणाली, "कळत नाही, चकतीनं हे धरलं कसं नाही?" मग मी तिला मावशीच्या दंडाचं सांगितलं. ती हसली नाही. खुर्ची ओढून बसली.

"मावशीचं वय काय?"

"सत्तरीला टेकलीय."

"म्हाताऱ्या रक्तात चुरा मुळातच जास्त असतो. गुठळी नसली तरी. चकती इतकी वर्षं कधी तुमचं, कधी त्यांचं रक्त मोजत होती. तिला वाटलं, या बाईचं माप असंच वर-खाली होतं, हीच हिची रीत. मग तुमचा चुरा खरंच वाढला तेव्हा ती दचकली नाही. यंत्र बिघडलं नव्हतं, सुवर्णाताई. ते भलतंच शिकलं होतं."

मग तिनंच विचारलं, "अशा आणखी किती जणी लावतात?"

"सगळ्याच," मी म्हणलं.

तिनं तिथूनच कंपनीला आणि वाटेवरच्या दवाखान्यांना फोन लावायला घेतले. मला सांगितलं, ही गोळी आता तुम्हाला कधीच नाही. इस्ट्रोजेन नसलेले उपाय आहेत, रक्त कमी जायला गर्भाशयात बसवायचं साधन आहे, बघू सावकाश. रक्त पातळ करायच्या गोळ्या काही महिने. आणि माळेवर आता घेणार नाहीत, गोळी नाही तर म्होरकी नाही असा नियमच होता.

खिशात म्होरक्यांचा वायरलेस तसाच राहिला होता, एरवी रस्त्याच्या निरोपापुरता; त्यावरून मीही सगळ्यांना सांगितलं. खाटेवर पडूनच.

"पोरींनो, चकती दुसरीला लावू नका. आपला पाय आपण बघा."

"आली मोठी डॉक्टरीण," एक म्हणाली.

"मावशीला गोळ्या सुरू केल्या का मग?" दुसरी. खिदळल्या सगळ्या. बरं वाटलं ऐकून.

मग एक जण हळूच म्हणाली, "छायाचा पण पाय दुखत होता."

वायरलेसवर नुसती खरखर. छाया आदल्या वर्षी गेली होती. तिची माळ वेळेत नागपूरला पोचली, गाड्या ओळीत लागल्या, दार उघडलं तर ती सीटवर तशीच, पट्टा लावलेला. हार्टफेल म्हणाले. तिचा शेवटचा थांबा मेहकरचा ढाबा होता.

वॉर्डात दिवस निघत नव्हते. सकाळी जाग आली की मी थांबून राहायचे, कुणीतरी विचारेल झोप झाली का. कुणी विचारायचं नाही. यंत्राची आठवण येते याची मला लाज वाटायची, आणि तरी यायची. मग गोळी थांबल्याचं रक्त सुरू झालं, वर्षांनी. शेजारच्या खाटेवरच्या बाईकडं मी पॅड मागितलं. तिनं दिलं आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. मावशी आली नाही. मी रोज दाराकडं बघायचे.

सुट्टी मिळाली तशी मी एसटीनं मेहकरला आले आणि तिथून पायी ढाबा गाठला, पायात डॉक्टरणीनं दिलेला घट्ट मोजा. लिंबाखाली खाट उभी करून ठेवलेली. तेलाची कढई पालथी. मावशी ओट्यावर बसलेली, हात मांडीत.

"आलीस?" एवढंच म्हणाली.

"तू का नाही आलीस?"

"कशाला? पाय बघायला? हात लावायची चोरी."

मी शेजारी बसले. समोरून एक माळ गेली. पुढच्या ट्रकातल्या पोरीनं हात केला. मावशीनं बघितलं नाही.

"पोरी थांबत्यात," ती म्हणाली. "मावशी, चोळ म्हणत्यात, चकती काढत न्हाईत आता. मीच न्हाई म्हणते. उठतच न्हाई हात." मग म्हणाली, "छायीची पोटरी मीच चोळली. ही मोठी झालेली. म्हणली, मावशी, जीव लावून चोळ. लावला मी जीव. हसत गेली बघ. रग गेली म्हणली." तिनं माझ्याकडं तोंड केलं. "सुवर्णे, माझ्या हातानं गेली का गं ती?"

मी वॉर्डात पडून हाच सवाल डॉक्टरणीला विचारला होता. ती म्हणाली होती, सांगता येणार नाही. आपसूकही सुटते गुठळी. कुणालाच कधी कळणार नाही. मावशीला नाही म्हणायला माझी जीभ वळवळली. एवढी म्हातारी बाई, नाही म्हणलं तर काय बिघडत होतं? पण छान, पाणी पीत राहा म्हणणारी एक झाली होती माझ्या आयुष्यात. दुसरी व्हायचं नव्हतं मला.

"मला माहीत नाही, मावशी," मी म्हणलं. "कुणालाच माहीत नाही. गोळी होती, बसणं होतं, चकती तुझ्या दंडावर आम्हीच लावत होतो. आणि तुझा हात होता. त्यातलं काय, ते कळायचं नाही."

ती रडली नाही. मान हलवली, जशी कुणी भाव सांगितल्यावर हलवते. तिचे हात मांडीत पडले होते, वाळलेल्या शेंगांसारखे. तेल नाही लागलं कितीतरी दिवस, कातडीला भेगा गेलेल्या. चाळीस वर्षं दुसऱ्याची अंगं धरलेले हात, आणि त्यांना कुणी धरलेलं नव्हतं.

मी उठले. कढई सुलटी केली, तेल ओतलं, ओवा टाकला, चूल फुंकली. लसूण कुठं असतो ते विचारलं नाही, बिनलसणाचंच केलं. कोमट झाल्यावर तिच्यापुढं येऊन बसले, मोजा घातलेला पाय लांब करून, आणि तिचा उजवा हात ओढून घेतला. तिनं मागं घ्यायला बघितलं. मी सोडला नाही. तळव्यात तेल घातलं, एकेक बोट धरून चोळत गेले. गाठी होत्या बोटांना. मला चोळायला येत नव्हतं, कधी कुणाला चोळलंच नव्हतं मी.

बराच वेळ ती रस्त्याकडं बघत राहिली. दुसरी माळ आली आणि गेली.

"असं गोंजारतीस काय मांजरावाणी," ती शेवटी म्हणाली. "अंगठ्यानं दाब."

मी अंगठ्यानं दाबलं.

"अजून," मावशी म्हणाली, आणि दुसरा हात आपण होऊन पुढं केला.